पेठेतून फ्लॅटमध्ये आल्यावर मुलांच्या मैत्रीचं काय होतं?

आरकेनगरची_आई

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लिहितेच.

आमचं मूळ घर कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. सासू-सासरे, दीर-जाऊ, चुलत सासरे, सगळे एका वाड्यात. पुढं वाटण्या झाल्या आणि आम्ही आर. के. नगरच्या बाजूला फ्लॅट घेतला. मुलगा नववीत, मुलगी अकरावीत. घर हवेशीर आहे, पार्किंग आहे, नळाला पाणी कधी येणार म्हणून पहाटे उठावं लागत नाही. अडचण वेगळीच आहे.

मुलाला इथं मित्र नाहीत. वर्गात आहेत, पण शाळा सुटली की कोण उचगावला, कोण फुलेवाडीला, कोण बावड्याला. पेठेत तो दप्तर टाकून बाहेर पडायचा आणि दिवेलागणीला कुणीतरी "ए, आई हाक मारतीय तुझी" म्हणून त्याला घराकडं पिटाळायचं. कुठं होता, कुणाबरोबर होता हे मला विचारावंच लागायचं नाही, चार जण आपणहून सांगून जायचे. आता रविवारी केएमटीच्या बसनं आजीकडं जातो आणि येताना तोंड पाडून येतो. बाकीचे दिवस हेडफोन लावून गेम, तेही त्याच जुन्या गल्लीतल्या पोरांशी आरडाओरडा करत. आमच्या यांचं म्हणणं, बरं झालं, टवाळ पोरांची संगत सुटली.

आता गंमत बघा. मुलगी मात्र इकडं आल्यापासून खुललीय. ती म्हणते, "तिथं मला मैत्रिणी कुठं होत्या गं? चुलतबहिणी होत्या." कुणाशी बोलली, क्लासहून यायला उशीर का झाला, हे सगळं तिच्या आधी घरी पोचलेलं असायचं. इथं आपल्याला कुणी ओळखत नाही याचाच तिला आनंद.

आणखी एक. आमच्या अपार्टमेंटमध्ये मुलाच्या वयाचा एकच मुलगा आहे, वॉचमनचा. दोघं मीटर-रूमच्या शेजारी जिन्याखाली कॅरम खेळतात. बोर्ड आमचाच, वाड्यातून आणलेला. एका कोपऱ्याची जाळी फाटलीय, त्यामुळं त्या बाजूला जो बसेल त्यानं एक हात खाली धरायचा असा दोघांचा कायदा आहे. परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये एका सभासदांनी विषय काढला, "जिन्याखाली बाहेरची पोरं जमतात, बरं दिसत नाही." बाहेरचं म्हणजे कोण, ते सगळ्यांना कळलं. मी काही बोलणार तोवर विषय लिफ्टच्या मेंटेनन्सवर गेला.

तुमच्या घरी काय अनुभव? मुलांची संगत आईबाप ठरवतात की घराचा पत्ता ठरवतो?

उभा_मारुती

पत्ता. सरळ सांगतो ताई, गल्लीत पोरगं दोस्त निवडत न्हाई. गल्ली देती तेवढे दोस्त.

आमच्या तालमीचा कट्टा सांगतो. वरच्या पायरीवर रिटायर मंडळी पेपर घेऊन, मधल्या पायरीवर कामावरनं आलेली, खाली पोरं. आठवी-नववीतलं एखादं येडं चुकून वरच्या पायरीवर टेकलं तर कोण बोलत न्हाई. नुसतं बघत्यात. ते आपलं आपण उठतंय.

फुटबॉलचं तर विचारूच नका, तालीम-मंडळांच्याच टीम हायत. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण, बालगोपाल, खंडोबा, जुना बुधवार. बाकीच्या गावात पोरं टीम निवडत्यात म्हणं, टीव्ही बघून. आमच्यात जन्माला आलं की टीम ठरली. माझं आजोळ दिलबहारवालं आणि आमचं घर पाटाकडीलचं. दोघांची मॅच असली की आई दोन दिवस माहेरी फोन करायची न्हाई.

पोरगं टीममध्ये शिरतंय कसं बघा. पहिल्यांदा बर्फाची पिशवी धरून लाइनीवर. मग मोठ्यांचे बूट सांभाळायचे. मग प्रॅक्टिसला गोलच्या मागं गेलेला बॉल आणून द्यायचा. खेळायला मिळू दे न्हाईतर न मिळू दे, दोन-तीन सीझनमध्ये त्याला पेठेतली निम्मी माणसं नावानं वळखत्यात. त्यात गवंडी आला, सोनार आला, केएमटीचा कंडक्टर आला, डॉक्टरबी आला. दहावीनंतर आयटीआयला जा असं मला घरातनं कोण बोललं न्हवतं, कारण घरात तेवढं कळणारं कोण न्हवतं. तालमीतला एक वेल्डिंगवाला दादा फॉर्म घिऊन आला. शिरोली एमआयडीसीत पहिलं काम लागलं तेबी त्याच्याच शब्दावर.

तुमच्या मालकांना सांगा, टवाळ हायत, न्हाई म्हणत न्हाई. स्टेडियमवर हुल्लड होती, दगडं पडत्यात, मॅच बंद पडत्यात. पण त्या टवाळाचा बाप कोण, चुलता कोण, हे सगळ्यांना ठावं असतंय. त्यो फार लांब जाऊ शकत न्हाई.

टाकाळा_वाला

उभा मारुतींनी तालमीचं छान चित्र काढलं, पण अर्धंच काढलं.

मी मुलाला पेठेतून मुद्दाम बाहेर काढला. कारण सांगतो. तो आठवीत असताना चौकात त्याच्या फोटोचा वाढदिवसाचा फलक लागला. गॉगल घालून. खाली "आपले लाडके नेतृत्व" आणि शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग. पैसे कुणी दिले विचारलं तर "दादांनी." मग त्या दादांच्या वाढदिवसाला हा रात्री बारा वाजता केक घेऊन हजर. गणपतीत डॉल्बीपुढं, वर्गणीच्या पावत्या फाडायला पुढं, निवडणुकीत झेंडा घेऊन पुढं. बर्फाची पिशवी धरणाऱ्या पोराला माणसं ओळखतात हे खरं आहे हो. पण त्यातली काही माणसं त्याला कशासाठी ओळखून ठेवतात, तेही बोला ना.

टवाळाचा बाप सगळ्यांना माहीत असतो म्हणता. बापच मंडळाचा अध्यक्ष असला तर?

उभा_मारुती

@टाकाळा_वाला ह्यावर आपल्याकडं उत्तर न्हाई भावा. हाय तसं हाय.

समुपदेशक_ताई

मी एका शाळेत समुपदेशनाचं काम करते. आठवी ते दहावीची मुलं रोज समोर असतात, त्यांचे आईबापही. मूळ प्रश्नाबद्दल थोडं सविस्तर लिहिते.

आईबाप येतात ते एकच वाक्य घेऊन: "आमचं लक्ष कमी पडलं." २००० साली स्टॅटिन आणि कर या संशोधकांचा एक अभ्यास आला होता, स्वीडनमधल्या चौदा वर्षांच्या मुलांवर. म्हणजे धागाकर्त्या ताईंच्या मुलाच्याच वयाची मुलं. मूल कुठं जातं, कुणाबरोबर असतं हे ज्या आईबापांना माहीत असतं त्यांची मुलं कमी भरकटतात, हे आधीपासून दिसत होतं. त्याचा अर्थ सगळ्यांनी असा लावला की नजर ठेवा. या दोघांनी एक साधी गोष्ट तपासली: आईबापांना ही माहिती मिळते कुठून? चौकशी करून आणि बंधनं घालून मिळते ती थोडी. बरीचशी माहिती मूल आपणहून सांगतं म्हणून मिळते. आता मूल आपणहून केव्हा सांगेल? सांगितल्यावर घरात काय होतं, त्यावर.

दुसरा मुद्दा गल्लीचा. जेम्स कोलमन नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९८८ साली मांडलेली कल्पना आहे. दोन मुलं मित्र आहेत, ठीक. पण त्या दोघांचे आईबापही एकमेकांना ओळखत असतील तर त्या ओळखीचा मुलांना आधार होतो आणि त्यांच्यावर वचकही राहतो. पेठेत ही ओळख आयती मिळते, फ्लॅटमध्ये ती करून घ्यावी लागते. मुलाच्या तीन मित्रांच्या आयांची नावं सांगा म्हटलं की माझ्यासमोर बसलेले वडील हमखास बायकोकडं बघतात. (बायकोला निदान एक तरी येतं.)

आणि हो, मुलगा हेडफोन लावून जुन्या गल्लीतल्या पोरांशी बोलतो याची मला काळजी वाटत नाही. तो गेम खेळत नाहीये, तो कट्ट्यावर बसलाय.

पांढरा_रस्सा

स्वीडनमध्ये गल्ली असती का ओ ताई? तिथं शेजाऱ्याच्या दारात चप्पल काढायला सुद्धा अपॉइंटमेंट लागत असंल.

समुपदेशक_ताई

@पांढरा_रस्सा म्हणूनच तिकडचं जसंच्या तसं उचलू नये. आपल्याकडं मूल घरी सांगतं की नाही याचा प्रश्न फार वेळा येतच नाही, शेजारच्या काकी आधीच सांगून गेलेल्या असतात. मग मूल म्हणतं, कळणारच आहे तर मी कशाला सांगू. मुलींच्या बाबतीत तर हे रोज बघते.

माहेर_शुक्रवार_पेठ

मी तिथंच येणार होते. वर सगळ्यांनी तालीम, कट्टा, स्टेडियम लिहिलं. त्यात मुलगी कुठं बसते ते दाखवा मला. कुठल्या पायरीवर?

आमच्या लहानपणी मुलींना जमायला निमित्त लागायचं. गौरी-गणपतीत झिम्मा-फुगडी, संक्रांतीला आईच्या मागं हळदीकुंकवाला, आषाढात टेंबलाई देवीला नदीचं नवं पाणी घालायला जायचं ते. डोक्यावर कलश, पुढं पी ढबाक बाजा वाजतोय, गल्लीतल्या सगळ्या पोरी नवीन कपड्यांत. त्या मिरवणुकीत मागं मागं राहून आम्ही जेवढ्या गप्पा मारल्या तेवढ्या वर्षभरात मारल्या नसतील. माझी आजही सगळ्यात जवळची मैत्रीण आहे ती तिथं भेटलेली, वरच्या आळीतली. एरवी तिच्या आळीत जायचं मला काही कारणच नव्हतं. भाऊ रोज जायचा, कारण नसताना.

निमित्त संपलं की घरात. भावाला "कुठं निघालास" विचारलं तर तो "हितंच" म्हणायचा आणि ते चालायचं. मी "हितंच" म्हटलं असतं तर?

त्यामुळं ताई, तुमच्या मुलीचं मला शंभर टक्के पटतं. ओळख नसणं म्हणजे तिच्यासाठी मोकळा रस्ता. फक्त एवढं बघा, तिला जाऊन बसायला जागा आहे का. रंकाळ्यावर दोन पोरी फेरी मारून येऊ शकतात, पण एका जागी अर्धा तास बसल्या की लोकांच्या माना वळतात. कॅफेत बसायचं तर पैसे लागतात. माझी भाची आणि तिच्या मैत्रिणी झेरॉक्सच्या दुकानात भेटतात. खरंच. नोट्स काढायला म्हणून जातात, तिथल्या बाकावर बसतात, दुकानवाल्या मावशी काही बोलत नाहीत.

बारावी_सायन्स

मी बहुतेक इथला सगळ्यात लहान मेंबर. 🙂

काका-काकूंनो, आमची गल्ली म्हणजे क्लासचं पार्किंग. राजारामपुरीत माझे दोन क्लास, फिजिक्स सुटतो आणि केमिस्ट्री सुरू होतो त्यामध्ये वीस-पंचवीस मिनिटं. तेवढ्यात गाडीवर रेलून जे काही बोलायचं ते बोलायचं. माझे खरे मित्र तिथले. एक कागलचा, एक हुपरीचा चांदीवाल्यांचा, एक गांधीनगरचा सिंधी. आमच्या कॉलनीत राहून मला हे तिघं कधी भेटले नसते. पप्पांना वाटतं मी केमिस्ट्रीसाठी वेळेच्या आधी निघतो.

पण एक आहे. हुपरीवाल्याच्या घरी एकदा कार्यक्रम होता तेव्हा कळलं की आम्ही दोन वर्षं मित्र आहोत आणि त्याच्या आईला माझं नाव माहीत नाही. त्याला बरं नसतं तेव्हा मला कोण सांगणार? तो आठवडाभर आला नव्हता, मेसेजला उत्तर नाही, आम्ही नुसते पार्किंगमध्ये अंदाज लावत बसलो. डेंग्यू झाला होता. पेठेत असं होत नसेल.

उभा_मारुती

पेठेत डेंग्यू झाला असता तर पपईच्या पानाचा रस घिऊन धा जण आले असते. तेबी तरासच असतोय म्हणा.

दसरा_चौक

वॉचमनच्या मुलाचा मुद्दा सगळ्यांनी सोडून दिला, मला तोच धाग्यातला खरा विषय वाटतो.

पेठेतली मैत्री मोकळी होती असं आपण म्हणतो तेव्हा कोणासाठी मोकळी, हेही बघावं. गल्ल्या जातींच्या आणि धंद्यांच्या नावानं वसलेल्या. कुंभार गल्लीत कुंभार, तसंच सगळीकडं. त्यामुळं गल्ली देते तेवढे दोस्त म्हटलं की ते दोस्त बहुतेक आपल्यासारखेच असायचे. तालमी आणि फुटबॉलनं हे बरंच मोडलं, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. तरी मैदानावर खांद्यावर हात आणि घरी गेल्यावर पाणी कुठल्या भांड्यातून, हे ज्यांनी सोसलंय त्यांना विचारा.

शाहू महाराजांना हे चांगलं कळलं होतं. १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. वेगवेगळ्या समाजांची वेगवेगळी वसतिगृहं का, असा प्रश्न आजही लोक विचारतात. पण खेड्यातून आलेल्या पोराला शहरात राहायला आणि जेवायला आपलं म्हणता येईल असं ठिकाण त्या काळात मिळणार कुठं होतं? राहायची सोय आधी झाली, म्हणून शाळेत बाकीच्यांशी गाठ पडली. पुढं १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एकत्र बसवायचा हुकूम काढला. आणि हुकमावर भागत नाही हेही त्यांना माहीत होतं. गंगाराम कांबळे यांना त्यांनी चहाचं हॉटेल काढून दिलं आणि स्वतः तिथं जाऊन चहा प्यायले, बरोबरच्यांनाही पाजला. राजा प्यायल्यावर बाकीच्यांना नाही म्हणणं जड गेलं.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी तरी तसा चहा प्यायला हवा. तुमच्या मुलानं सुरुवात केलीच आहे.

समुपदेशक_ताई

@दसरा_चौक यांच्या पोस्टला जोडून एक. २०२२ मध्ये राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या फेसबुकवरच्या सुमारे २१ अब्ज मैत्रीच्या जोड्या तपासल्या. गरीब घरातली मुलं मोठेपणी कुठं वर येतात आणि कुठं तिथंच राहतात, हे बघायचं होतं. ज्या भागात गरिबांची आणि बऱ्या स्थितीतल्या लोकांची आपापसात मैत्री जास्त, तिथली मुलं पुढं सरकलेली दिसली. अमेरिकेचा अभ्यास आहे, तिथल्याच मर्यादेत घ्यावा. पण वर उभा मारुतींनी वेल्डिंगवाल्या दादाचं जे लिहिलं, ते मला वाचताना आठवलं.

कुंभार_गल्ली

शाहूपुरीवरून बोलतोय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्यात पाणी घुसलं. मूर्ती तयार होत्या, गणपती तोंडावर. आम्हा सगळ्यांना एका शाळेत हलवलं. माझी मुलगी तेव्हा सहावीत. शेजारच्या वर्गखोलीत शिवाजी पुलाकडच्या बाजूची कुटुंबं होती, आधी तोंडओळखही नाही. पोरींनी व्हरांड्यात खडूनं जिबलीचं घर आखलं आणि पाणी ओसरेपर्यंत तिथंच. पेठेतल्या तालमींची पोरं जेवण घेऊन यायची, त्यातल्या एकाला ह्या पोरी अजून दादा म्हणून राखी बांधतात.

आता त्या कॉलेजला आहेत. व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव "पूरग्रस्त". पावसाळ्यात पंचगंगेची पातळी वाढली की पहिला मेसेज त्या ग्रुपवर येतो, जिल्हा प्रशासनाच्या आधी.

टाकाळा_वाला

पोरगा पेठेतून काढला ते बरोबरच केलं, पण बारावी सायन्सचं वाचून काल मुलाला विचारलं, तुझ्या मित्रांपैकी घरी कोण आलंय आजवर? म्हणाला, "तुम्ही असता की घरी." पुढं काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

माहेर_शुक्रवार_पेठ

दादा, रविवारी सकाळी तुम्हीच बाहेर पडा. मिसळ खाऊन या निवांत, दोन तास. फ्रिजमध्ये कोल्ड्रिंक ठेवा आणि जाताना काही सूचना देऊ नका.

आरकेनगरची_आई

एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. आज वेळ मिळाला, थोडं सांगते.

समुपदेशक ताईंचं वाचून मी मुलाच्या वर्गातल्या दोघांच्या आयांचे नंबर मिळवले. एक शिवाजी विद्यापीठाच्या जवळच राहतात, सायकलनं येण्यासारखं. त्यांनी पहिला प्रश्न आडनाव विचारला, दुसरा गाव विचारलं, तिसरा "तुमच्यात नॉनव्हेज कधी असतं?" तिसऱ्या प्रश्नावर मैत्री जमली. पोरगा बुधवारी येऊन तांबड्या रश्श्याच्या तीन वाट्या पिऊन गेला.

मीटिंगचं सांगायचं तर परत विषय निघाला. ह्या वेळी मी लिफ्टच्या आधीच बोलले. बोर्ड माझा आहे, मुलगा माझा आहे, दुसरा मुलगा ह्याच इमारतीत राहतो, त्यामुळं बाहेरचं कुणी नाही. थोडी शांतता झाली. मग ठरलं की जिन्याखाली नको, टेरेसवर खेळा, साडेसातपर्यंत. म्हणजे जिंकलो की हरलो कळत नाही, कारण टेरेसवर वारा आहे आणि पावडर उडते. पण परवापासून पाचव्या मजल्यावरची सातवीतली एक मुलगी यायला लागलीय. ज्यांनी विषय काढला त्यांचीच. ती क्वीन घेतल्याशिवाय सोडत नाही म्हणे.

वॉचमनची बायको मला म्हणाली, "वैनी, आमच्या पोराला अभ्यासालाबी बोलवा की." ते मला सुचलं नव्हतं. आता दोघं गणिताला एकत्र बसतात, आमच्या डायनिंग टेबलवर. यांनी पहिल्या दिवशी भुवया उंचावल्या, दुसऱ्या दिवशी त्या पोरालाच भूमितीचं प्रमेय समजावत बसले होते, आपल्याला विचारतोय कोणीतरी म्हणून खूश.

मुलीला झेरॉक्सच्या दुकानाचं सांगितलं. ती म्हणाली, "आई, ते आम्हाला आधीपासून माहितीये, तू धाग्यावर लिहू नकोस."

पेठेत जाणं मात्र चालूच ठेवणार आहे. आजी आहे, आणि त्याची टीम बदलणार नाही हे उघड आहे.

उभा_मारुती

कुठली टीम ते सांगितलंच न्हाईसा ताई. सीझन सुरू हाय, रविवारी पोराला स्टेडियमवर पाठवा, वॉचमनच्या पोरालाबी संगट पाठवा. तिकिटाचं मी बघतो.

आरकेनगरची_आई

हे विचारतायत, दगडं पडली तर?

उभा_मारुती

आम्हा म्हाताऱ्यांच्यात बसवतो. तिकडं फक्त शेंगांची टरफलं पडत्यात.

बारावी_सायन्स

काका, माझंपण एक तिकीट काढा. पप्पांना सांगतो केमिस्ट्रीचा एक्स्ट्रा क्लास आहे.

टाकाळा_वाला

बाळा, तुझे पप्पा ह्या फोरमवर नाहीत ना, एकदा खात्री करून घे.